मिशीवाली अक्षरं आणि रेवणप्पाची म्हैस

आमच्या छापखान्याचे मालक विष्णुपंत यांनी सोलापूरच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून जाहिरातीचा लाकडी टाइप आणला आणि तो जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वीतभर अक्षर. पोट जाड, कंबर बारीक आणि प्रत्येक टोकाला पीळ दिलेली मिशी. लग्न, जत्रा, कुस्त्या छापाव्यात तर त्यातच. साधी ‘सूचना’ जुळवली तरी कुणाचं तरी बारसं असल्यासारखी दिसायची.

तेवढ्यात तामलवाडीचा रेवणप्पा आला. म्हैस तीन दिवस गायब. "नात दुधासाठी रडतीया, पंत. छापा, म्हैस हरवली."

साधे खिळे, म्हणजे नेहमीची शिशाची अक्षरं, शाळेच्या प्रश्नपत्रिकेत अडकले होते. पंत म्हणाले, "नव्या टाइपात छापू."

"पंत, या अक्षरांना दुःख जमत नाही."

"शिकतील."

रेवणप्पाला खूण विचारली. "डावं शिंग वाकडं. आन भितीवरची पत्रकं खाती, मागं लावलेल्या खळीसाठी." अक्षरं एवढी ऐसपैस की शिंगापाशीच कागद संपला. पत्रकं खाणं राहून गेलं.

मंगळवारी बाजारात पत्रकं लागली. बुधवारी रेवणप्पाच्या दारात पंचवीस माणसं, नारळ-खण घेऊन. एक हलगीवालाही. वाचता न येणारे अक्षरं बघून आलेले. वाचता येणारे म्हणाले, "वाचलं की! पण एवढ्या थाटानं कोण नुसतं हरवतंय व्हय?"

"आता च्या तरी टाका," कुणी म्हणालं.

रेवणप्पाची बायको जगदेवी कडाडली, "दूध न्हाय म्हणून तर छापलंय!"

म्हैस अणदूरला शरणबसप्पाच्या गोठ्यात होती. तिथवर पत्रक पोचलं. त्यानं पत्रकाकडं बघितलं, म्हशीकडं बघितलं आणि त्याला लाजच वाटली. एवढ्या खानदानी घरची म्हैस अशी शेणानं माखलेली कशी न्यावी? दोन दिवस त्यानं तिला घासलं, तेल चोपडलं, वाकड्या शिंगाला गोंडा बांधला आणि शनिवारी छापखान्यात आणून उभी केली. रेवणप्पा तिथंच हटून बसला होता.

तो म्हशीभोवती एक फेरी मारून आला. "देखणी हाय. पण माझी न्हवं."

"अहो, शिंग बघा की!"

"आमच्या घरात एवढं देखणं कुणीच न्हाय."

पंतांनी समजावलं, मी समजावलं. शरणबसप्पा म्हशीला परत न्यायला निघालासुद्धा. तेवढ्यात म्हशीनं मान लांब केली, दारावरचं पत्रक जिभेनं ओढलं आणि खायला लागली. आधी ‘म्हैस’ खाल्ली, मग ‘हरवली’.

रेवणप्पा तिच्या गळ्यात पडून रडायला लागला. "हीच! हीच माझी गंगी!"

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम सांगायला आला. नात पोटभर प्याली. फक्त दुधाला जरा शाईचा वास मारतोय.

पंतांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "कुठल्या अक्षराचा?"