कॅमेऱ्यामागची वरात

लोणखेड्याच्या रंजिताने लोकांच्या लग्नांची शूटिंगं करकरून हात बसवला होता. पण बँडच्या गाण्याचा व्हिडिओ करायची ही पहिलीच संधी. ती हातची गेली तर "पोरींचं काम नव्हे ते" म्हणणाऱ्यांचं आयतंच फावणार होतं. रनाळ्याच्या या बँडचा मालक हेमकांत स्वतः कॅसिओ वाजवायचा. त्याने सकाळीच बजावलं होतं, "आज जमनं ते जमनं, नहीते सुरतना डायरेक्टरले बलावसू."

आणि जमत तर काहीच नव्हतं. केळीच्या मळ्याशेजारी बँडची सजवलेली गाडी उभी, सगळ्यांच्या अंगावर नवे कोट. स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं गाणं लावायचं आणि त्यावर नुसता वाजवल्याचा अभिनय करायचा. पण गडी असे ताठ, जणू आधार कार्डाचा फोटो काढायला बसलेत! ढोलवाल्या सुपडूच्या ठेक्यावर म्हाताऱ्यासुद्धा फेर धरतात. तोही ओशाळल्यासारखा वाजवत होता.

रंजिता चिडली, ओरडली, मग नुसती बघत राहिली. सगळ्यांची नजर पुन्हा पुन्हा गाडीपुढच्या रिकाम्या जागेवर जात होती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फ्रेम मोकळी हवी म्हणून बघ्यांना तिनेच हाकललं होतं. वरातीचा बँड तो, समोर नाचणारं कोणी नसेल तर त्याचा हात उठणार कसा?

बांधावर मळ्यात कामाला येणाऱ्या निर्मलाबाई सोबतच्या बायांबरोबर गंमत बघत होत्या. रंजिताने सगळ्यांना कॅमेऱ्याच्या मागे आणून उभं केलं.

"नाचा, मावशी!"

"कोनं लगीन शे?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"कोनंच नही."

"मंग बिगर लगीननं नाचू? येडी व्हयनी का तू?"

"मन्हं लगीन समजा, पन नाचा!"

हसत हसत निर्मलाबाई सरसावल्या, मग सगळ्याच. सुपडूने त्यांचे पाय पाहिले आणि ढोलावर अशी थाप हाणली की स्पीकरवरचं गाणं मागेच राहिलं. बँड खराखुरा वाजू लागला. रंजिता कॅमेरा घेऊन बायांच्या घोळक्यात शिरली आणि नाचणाऱ्याला बँड दिसतो तसा टिपत सुटली. तिने "बस झालं" म्हटलं तरी कोणी थांबेना.

हेमकांतने कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं पाहिलं. परत एकदा पाहिलं. मग तो गाडीवर चढला आणि वरातीत मानकऱ्यांची नावं पुकारायचा माइक त्याने हाती घेतला. आजवर त्यातून मामा, मावसे, व्याही यांचीच नावं निघाली होती.

"आपला बँडनी डायरेक्टर," तो गरजला, "लोणखेडानी रंजिता!"

मळा दणाणला. रंजिताला रडू आलं, हसूही आलं. तिने कॅमेरा गाडीवर ठेवला आणि निर्मलाबाईंचा हात धरून ती नाचायला लागली.