रांगेत अडकलेल्या मेल

"रागावलास का रे छोट्या?"

ताईची मेल एवढीच होती. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. मग ते उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तिला माझ्या मेल मिळतच नाहीयेत," ते म्हणाले.

"परवापासून मी तेच म्हणतेय," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तिच्याकडे काहीतरी बिघडलं असेल."

"बिघाड आपल्याकडेच दिसतोय."

पोस्टमास्तरांनी आयुष्यात पोस्टात एक दिवसही नोकरी केली नव्हती. एका कॉलेजात कॉम्प्युटर दुरुस्त करता करता ते निवृत्त झाले आणि येताना भंगारात निघालेलं एक मशीन घरी घेऊन आले. ते जेवणाच्या टेबलाखाली ठेवून त्यावर त्यांनी स्वतःची मेलची यंत्रणा उभी केली. घरातल्या झाडून सगळ्यांना आडनावाचा पत्ता दिला. पोस्टमास्तर हे नाव भाचरांनी तेव्हाच ठेवलं. पुढे भाचरं मोठ्या कंपन्यांच्या फुकटच्या पत्त्यांवर निघून गेली आणि या टपालखात्यात दोनच माणसं उरली, पोस्टमास्तर आणि ताई. बायको त्या मशीनला सवत म्हणायची. जेवताना पाय भाजतात, अशी तिची कायमची तक्रार होती.

गेल्या वर्षी ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचं बोलणं कायमचं बंद झालं. जिची हाक गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची, तिच्याशी फोनवर बोलण्याची सोय राहिली नाही. तेव्हापासून हे रोज सकाळी तिला लांबलचक लिहीत आणि ती दोन ओळींत उत्तर देई. आता दुखणं पुन्हा उलटलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती घरीच अंथरुणाला खिळून होती आणि कॉम्प्युटर तिच्या उशाशी होता. दोघांनाही सगळं माहीत होतं, म्हणून दोघंही ते सोडून बाकी सगळं लिहीत.

पोस्टमास्तरांनी मशीनची नोंद उघडून पाहिली. येणाऱ्या मेल बिनबोभाट येत होत्या. जाणारी मात्र एकही उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. सगळ्या एकामागे एक रांगेत उभ्या होत्या. मशीन थोड्या थोड्या वेळानं बाहेरचं दार ठोठावत होतं आणि पलीकडून कोणी उघडत नव्हतं. म्हणजे ताईचं यांना सगळं ऐकू येत होतं आणि यांचं तिला काहीच नाही.

त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला.

"काका, स्पॅम फार वाढलंय ना," पलीकडची मुलगी म्हणाली. "लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून त्यांच्या नकळत हजारो फालतू मेल बाहेर पडतात. म्हणून घरातून थेट मेल पाठवणं सगळ्यांचंच बंद केलंय. तुम्हाला मेलनं कळवलं होतं की."

कळवलं होतं खरं. पोस्टमास्तरांच्या यंत्रणेनं ती मेल जाहिरात समजून कचऱ्यात टाकली होती.

"मी फालतू मेल पाठवतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तुम्ही नाही हो. पण कोण कसला, ते आम्हाला इथून कसं कळणार? तुमच्या मेल आमच्या सर्व्हरवरून जाऊ द्या. तुमच्याकडे एक ओळ बदलायची फक्त. पत्ता तुमचाच राहील. सांगते, लिहून घ्या."

"माझ्या घरचं बोलणं मी दुसऱ्याच्या हातून पाठवणार नाही. बंद केलंत तसं मला उघडून द्या."

"मग अर्ज करावा लागेल, काका. दोन दिवस तरी लागतील."

"करतो अर्ज."

बायको दारातून ऐकत होती. "एका ओळीचं काम आहे ना? करून टाका की."

"प्रश्न ओळीचा नाहीये."

"मग कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिथून पाठवा."

"अनोळखी पत्त्यावरून आलेली मेल उघडायची नाही, असं मीच तिला शिकवलंय. न वाचताच पुसून टाकेल."

"मग भाऊजींना फोन करा. म्हणावं, मेल अडकल्यात, ताईंना सांगा."

पोस्टमास्तर अर्ज लिहायला बसले. ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात त्यांनी ताईच्या नवऱ्याला चारचौघांत सुनावलं होतं, "वेळेवर दाखवलं असतंत तर तिचा आवाज वाचला असता. तुमच्या आडमुठेपणानं घात केला." भाऊजी त्यावर एक शब्द बोलले नव्हते, तेव्हाही आणि नंतरही. त्या घरात फोन तेच उचलत.

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे," शेवटी पोस्टमास्तर म्हणाले.

दुपारी ते जरा आडवे झाल्यावर बायकोनं गुपचूप फोन लावून पाहिला. बराच वेळ वाजला, पण कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईची मेल आली. "राहू दे. वेळेवर जेवत जा." पोस्टमास्तरांनी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं आणि तेही रांगेत जाऊन उभं राहिलं. त्यानंतर तिची मेल आली नाही. ते दर घटकेला येऊन पडद्यासमोर बसत आणि ताट पुढ्यात तसंच निवत राही.

अर्जाचं उत्तर आलं ते नकाराचं. घरगुती ग्राहकांना सूट देता येत नाही, म्हणे. यावर ते भांडतील, असं बायकोला वाटलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "ती ओळ सांगता का? लिहून घेतो."

मुलीनं सांगितली. ते जमिनीवर बसले, टेबलाखाली वाकले आणि ओळ बदलली. बाहेरच्या खोलीत फोन वाजला, तो बायकोनं घेतला. इकडे रांग हलली. पहिली मेल सुटली, मग दुसरी, मग भराभर सगळ्याच. पोस्टमास्तरांना इतक्या दिवसांनी मोकळा श्वास आला. इतक्या साध्या कामासाठी आपण अडून बसलो, याची त्यांना लाज वाटली आणि हसूही आलं.

बायको येऊन दारात उभी राहिली. "गेल्या," ती म्हणाली.

"हो, गेल्या," ते टेबलाखालूनच म्हणाले. "एकसुद्धा मागे राहिली नाही बघ. सगळ्या गेल्या."

"अहो." ती त्यांच्याजवळ खाली बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "ताई गेल्या. आत्ताच. भाऊजी फोनवर आहेत."

बाहेरच्या खोलीपर्यंत ते कसे पोचले, त्यांचं त्यांना कळलं नाही. रिसीव्हर कानाला लावला.

"तिच्या कॉम्प्युटरवर सारखं काहीतरी वाजतंय," भाऊजी म्हणाले. "तुझ्या मेल येतायत. एकदम इतक्या?"

"मी रोज लिहीत होतो, भाऊजी. अडकल्या होत्या." त्यांना हुंदका आवरेना. "माझ्या हट्टापायी अडकल्या. एका ओळीचं काम होतं."

भाऊजींना आता काय वाटेल ते बोलता आलं असतं, आणि पोस्टमास्तरांनी ते मुकाट्यानं ऐकूनही घेतलं असतं.

"काल मला कॉम्प्युटर बंद करू दिला नाही तिनं," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "लोक यायला अजून वेळ आहे. तोवर वाचून दाखवू तिला?"

"वाचा."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. भाऊजी अडखळत, एकेक शब्द लावत वाचू लागले. "ताई, आज गंमत झाली. आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचाच दात दुखतोय आणि ते दुसऱ्या डॉक्टरकडे जायला घाबरतायत. तू असतीस तर कानाला धरून नेलं असतंस."

ते थांबले. पोस्टमास्तर भिंतीला टेकून उभे होते. बायकोनं स्टूल आणून ठेवलं, पण ते बसले नाहीत.

"पुढची उघडतो," भाऊजी म्हणाले, आणि घसा साफ करून जरा मोठ्यानं वाचू लागले.