देवदत्तला पास न देणारा संघ

मित्रांनो, शनिवारी सरावाला येता, काचेला नाक लावता आणि ज्याला "ईऽऽ, किती काळा!" म्हणून पळता, तो जुना चामडी फुटबॉल मीच. जर्मनीतल्या बॉन शहरातल्या या क्लबाच्या कपाटात मी पडून आहे. खाली पाटी आहे : १९११चा विजेता कॉलेजसंघ, कर्णधार ओटो. विजय खरा आहे. पण त्या हंगामात मी माया काही पाहिली नाही.

खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. पोटात रबरी फुगा, तोंडाला चामड्याची जाड वादी. पावसात भिजलो की मी दगडासारखा जड होई.

संघात देवदत्त होता. पुण्याहून रसायनशास्त्र शिकायला आलेला, अंगाने बारीक, पण धावायला लागला की हाती न लागणारा. त्याची निवड झाली आणि ओटोच्या धाकट्या भावाची जागा गेली. ओटोने ते कधीच विसरलं नाही.

"त्याला चेंडू द्यायचा नाही," त्याने सगळ्यांना बजावलं.

देवदत्त डाव्या कडेला हात वर करून उभा राही. मला मात्र दुसरीकडेच ढकलत. आम्ही जिंकत होतो, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

शेवटच्या सामन्याआधी गोलकीपर एमिलचं बोट मोडलं. गोठलेल्या मैदानावर माझे फटके झेलायला कुणी तयार होईना. ओटो देवदत्तकडे बघून हसला. "याला उभा करा. तिथे तरी चेंडू मिळेल त्याला."

"मिळेल," देवदत्त म्हणाला, "आणि सुटणार नाही."

समोरच्या कोलोनच्या संघातल्या पोरांनी मला तोफगोळ्यासारखं मारलं. माझ्या वादीने देवदत्तचं कपाळ फुटलं, बोटं सुजली. गोल झाला नाही. अखेरीस त्यांच्यातले दोघे जण देवदत्तवर तुटून पडले. मला पोटाशी धरून त्याने पुढे पाहिलं आणि सारं बळ एकवटून मला भिरकावलं. थेट ओटोकडे! ओटोने गोल केला.

आमच्या पोरांनी ओटोला खांद्यावर घेतलं. देवदत्तजवळ एकटा एमिल आला.

"त्यालाच का दिलास?"

"तो मोकळा होता."

मग देवदत्तने रक्ताने माखलेला सदरा काढला आणि ओटोच्या पायाशी टाकला. "आता तुझ्या भावाला खेळव." ओटोने हात पुढे केला नाही, यानेही मागितला नाही. देवदत्त त्या मैदानावर पुन्हा आला नाही.

पुढच्या हंगामात ओटोचा भाऊ खेळला. संघ पहिल्याच सामन्यात हरला. सगळा राग माझ्यावर निघाला. लाथ मारून मला अडगळीत टाकलं, कुणी पुसलंसुद्धा नाही. चामडं वाळलं, शिवण उसवली. कपाटातला मान फार उशिरा मिळाला.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या संघात कुणी कडेला हात वर करून उभा असेल, तर त्याच्याकडे बघा. तो तुम्हाला आवडायलाच हवा असं नाही. पास मात्र द्या.