दाबाखालचे भांडे

“बाई, बंद करा ते! भंगारवाले जिन्यात आलेत!” विभागप्रमुख प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले.

“नेणार कसं? आत हायड्रोजन भरलाय. भांडं तापलंय. हात लावून बघ हवं तर.” दाबाच्या काट्यावरची नजर बाईंनी हलवलीसुद्धा नाही.

विभागप्रमुख एकेकाळी त्यांचाच विद्यार्थी. खुर्ची मिळाली आणि स्वारीचा आवाज चढला. बाईंचे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली प्रयोग करायचे जाड पोलादी भांडे, जागा अडवते म्हणून आज भंगारात जाणार होते. बाईही काही कमी नव्हत्या. सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी ते चालूच करून टाकले. दाबाखालचे भांडे उचलायची कुणाची छाती होणार?

त्यांचा हट्ट जुना होता. फिनॉलच्या जातीचा एक आडमुठा पदार्थ घ्यायचा, त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या कड्यात हायड्रोजन घालायचा, पण अर्ध्या वाटेवर थांबायचे. तिथे थांबले तर हवा तो कीटोन हाती लागतो. पुढे गेले की सगळ्याचे अल्कोहोल होते आणि मेहनत पाण्यात जाते. आजवर दरवेळी पाण्यातच गेली होती. या खेपेला पॅलेडियमचा उत्प्रेरक त्यांनी स्वतः बनवला होता.

“भंगारवाले कंटाळून जाईपर्यंत असंच चालू ठेवणार ना? कळतं मला सगळं.”

“कळतंय तर बस गप्प.”

बाईंनी नमुना काढून शेजारच्या तपासणीच्या यंत्रात टोचला. पडद्यावरच्या आलेखात कीटोनचा सुळका उंच गेला. अल्कोहोलचा जेमतेम डोके वर काढत होता.

इतकी वर्षे ज्याच्यासाठी जिवाचे रान केले, ते आजच जमावे! चालू ठेवले तर भांडे आजच्यापुरते वाचणार होते, पण आतले सगळे मातीमोल होणार होते.

त्यांनी हीटर बंद केला, थंड पाणी सोडले. भांडे निवल्यावर वाल्व उघडला. हायड्रोजन नळीतून छपराबाहेर फुसकारत निघून गेला. नायट्रोजन फिरवून त्यांनी झाकण काढले, द्रव गाळून बाटलीत भरला आणि काळा उत्प्रेरक हवेत पेट घेऊ नये म्हणून पाण्याखाली ठेवला.

विभागप्रमुखांनी पडदा पाहिला. त्यांचा आवाज एकदम खाली आला. “बाई... त्यांना परत पाठवू का?”

“आता कशाला? काल हात जोडले तेव्हा हसलास. ने ते. उद्या नवीन मागायला येणार आहे मी, आणि ते तुला द्यावंच लागेल.”

भंगारवाल्यांनी भांडे उचलले. बाटली छातीशी धरून बाई जिन्यात पुढे झाल्या. मजल्यामजल्यावर दारे उघडून लोक बघू लागले.

“सरका रे सगळे!” बाईंचा आवाज जिनाभर घुमला. “माझं भांडं येतंय!”