टेबलाला एक कार्ड

"बाह्या खाली ओढ गं वहिनी," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"ओढल्यात की. आता काय बोटांपर्यंत आणू?"

या परक्या देशातल्या नागरिकत्वाच्या कचेरीत आम्ही नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. वहिनीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग आहेत. चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या गरम रुळाने दिलेले. ताजे डाग काळपट, जुने पांढुरके. ताज्यांची भीती नव्हती मला. जुन्यांची होती.

"डाग काय बोलतात का, वन्सं?"

"तुझे बोलतात. गप्प बस."

मी तिची धाकटी नणंद. जिभेची तिखट आहे, हे सगळे सांगतातच. वय बघून वहिनीला भाषेची परीक्षा माफ झाली होती, आणि तिचं बोलणं साहेबांना सांगायला घरचं एक माणूस चालत होतं. ते माणूस मी.

भानगड अशी होती. दादा आणि वहिनी ज्या धुलाईच्या कारखान्यात होते, तिथे पगार माणसाला नव्हता, टेबलाला होता. हॉटेलांच्या चादरी इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. चादर मोठी, तिची टोकं धरायला दोन माणसं लागायचीच. टेबलाला माणसं दोन, कार्ड एक. कार्डावर नाव दादाचं. सतरा वर्षं वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली, पण कागदावर ती कुठेच नव्हती. मी तेव्हाच कानीकपाळी ओरडले होते, "अगं, स्वतःचं वेगळं कार्ड काढ!" तर म्हणे, "पैसे एकाच घरात येतात ना? मग नाव कुणाचं का असेना!"

पुढे दादाने नागरिकत्वाचा अर्ज केला. वर्षाची कमाई ठरावीक रकमेच्या वर हवी, आणि तीही सलग तीन वर्षं. दोघांची मिळून ती जेमतेम भरायची. साहेबांनी विचारलं, "ही तुमची एकट्याची कमाई?" दादा म्हणाला, "हो." झालं! दादा इथला झाला, त्याच्या मागून त्यांचा मुलगाही इथला झाला. वहिनीचाही अर्ज बायको म्हणून करायचा होता. करू करू म्हणता राहिला, आणि एके दिवशी दादा त्या टेबलापाशीच कोसळला. परत उठला नाही.

विधवेला नवऱ्याच्या नावावर काही मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिची स्वतःची तीन वर्षांची कमाई दाखवा, नाहीतर राहण्याची मुदत संपली की परत जा. परत कुणाकडे जायचं? मुलगा इथे, नातवंडं इथे, नवऱ्याची माती इथे. आणि खरं सांगायची सोय नव्हती. ते सांगितलं तर दादाचा 'हो' खोटा ठरणार, आणि त्याच्यावर उभं असलेलं मुलाचं नागरिकत्वही जाणार.

मग वहिनी दुसऱ्या कारखान्यात नवशिकी म्हणून लागली. तिथल्या पोरगेल्या मुकादमाने तिला चादरीची घडी कशी घालतात ते शिकवलं! ही मान खाली घालून शिकली. "पहिल्या दिवशी मुद्दाम दोन घड्या बिघडवल्या हो," मला सांगून हसत होती. नवशिक्यांचा पगार पुरेना, म्हणून रविवारी लोकांचे जिने पुसले. तीन वर्षं अशी रेटली बाईने.

आमचा नंबर आला. टेबलामागच्या बाई मायाळू होत्या. तेच वाईट. खडूस असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद चाळले, मान डोलावली आणि विचारलं, "या तीन वर्षांच्या आधी तुम्ही काय करत होतात?"

मी वहिनीला प्रश्न सांगितला. 'घरी होते' एवढंच म्हणायचं ठरलं होतं. वहिनी मात्र कोटाचं बटण पिरगाळत राहिली.

"वहिनी, बोल ना."

"सांगा त्यांना," ती शेवटी म्हणाली, "काही करत नव्हते म्हणावं. नवरा कमवायचा, मी बसून खायचे."

हे असं म्हणायचं ठरलं नव्हतं. तरी शब्दाला शब्द सांगितलं.

"नवऱ्याने छान सांभाळलं म्हणायचं," बाई हसल्या.

"फार कष्टाळू होते," वहिनी म्हणाली. "एकट्याने सगळं केलं त्यांनी."

सहीसाठी तिने हात पुढे केला आणि बाही वर सरकली. बाईंनी डाग पाहिले. "हे जुने कशाने?"

"घरची इस्त्री. वेंधळी आहे मी."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि शिक्का उचलला. अर्ज मंजूर झाला होता. उठताना त्या मला म्हणाल्या, "यांना सांगा, या वयात पहिल्यांदा काम शिकून उभ्या राहिल्या, मला कौतुक वाटतं." तेही मी सांगितलं. वहिनीने हात जोडले. मला तिथेच टेबलावर हात आपटून ओरडावंसं वाटलं, की अहो, ही सतरा वर्षं राबलीय! पण आयुष्यात पहिल्यांदा तोंड आवरलं मी.

आम्ही घरी आलो. आत गेल्यावर तिने कोट काढला, बाह्या वर सारल्या, आणि सवयीने दोरीवरची वाळलेली चादर उतरवली. दोन टोकं स्वतः धरली. उरलेली दोन टोकं लोंबत होती. ती तशीच थांबली. मग मी पुढे होऊन ती धरली.

"ताठ धरा की, वन्सं! झोळी काय करताय? तुमचे दादा कसे ओढून धरायचे!"

"मला कुठलं येतंय? तू शिकव. तुला किती वर्षांचा अनुभव!"

वहिनीने टोकाला टोक जुळवलं. घडीवरून तळवा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

"तीन," ती म्हणाली.