यादीतली सगुणा

स्ट्रेचर कुठे ठेवायचं यावरून त्र्यंबकरावांचं आणि एमा सिस्टरचं पहिल्याच दिवशी वाजलं. त्र्यंबकरावांना ते तिकीट खिडकीसमोर हवं होतं, रस्त्यावरून दिसेल असं. एमाचं म्हणणं, माणूस आत आडवा होणार आणि स्ट्रेचर बाहेर, मग ते घेऊन धावायचं कोणी?

"सिस्टर, कोणी आडवं होणार नाहीये," त्र्यंबकराव म्हणाले. "पण होईल असं लोकांना वाटलं पाहिजे."

त्र्यंबकराव नौपाड्यातल्या थिएटरचे मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एका विदेशी भयपटाचा पहिला भाग लागला होता, हिंदीत डब केलेला. प्रयोगशाळेत एक विषाणू तयार होतो आणि मेलेली माणसं उठून बसतात, अशी ती गोष्ट. तेव्हा बाल्कनीत एका गृहस्थांना घेरी आली, गावभर बोभाटा झाला आणि सिनेमा पाच आठवडे चालला. त्या गृहस्थांना संकष्टीचा उपास होता, हे त्र्यंबकरावांनी कोणाला सांगितलं नाही. आता पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर दुसरा भाग आला होता. यात तोच विषाणू प्रयोगशाळेतून निसटून गावात शिरणार होता. त्र्यंबकरावांनी या खेपेला जय्यत तयारी केली. लॉबीत स्ट्रेचर, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, आणि टेबलामागे खरीखुरी नर्स.

एमा तीच. एकतीस वर्षं पालिकेच्या दवाखान्यात काढून जूनमध्ये रिटायर झालेली. नवरा थॉमस जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी वसईला दिलेली. ठेवणीतला पांढरा ड्रेस घालून सिनेमावाल्याच्या दारात बसायचं, हे तिच्या मुलीला मुळीच आवडलं नाही. पण एमाला घर खायला उठत होतं. घरी बसलं की तिला सगुणा आठवायची, आणि सगुणाबद्दल ती कोणाशी बोलू शकत नव्हती.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. सुरतेत प्लेग आल्याची बातमी आली आणि ठाण्यात दुसऱ्याच दिवशी रुमाल मिळेनासे झाले. जो तो तोंड बांधून फिरत होता. दवाखान्याची रांग कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत गेलेली, आणि प्रत्येकाला टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल हव्या होत्या. ताप आणि खोकला दोन्ही असलेल्याला थेट गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं, असं डॉक्टरांनी एमाला बजावलं होतं. त्या गर्दीत एक बाई आली. डोक्यावरून चादर, तोंडाला फडकं, अंगात एकशे दोन ताप, आणि खोकला. गाडीचं नाव काढताच तिने एमाचे पाय धरले. घरी जाऊ द्या, एवढंच म्हणत राहिली. एकतीस वर्षांत एमाने एकही नियम मोडला नव्हता, तो त्या दिवशी मोडला. बाईला कॅप्सूल दिल्या, नाव-पत्ता लिहून घेतला आणि संध्याकाळी घरी येऊन बघते असं सांगून मागच्या दाराने सोडून दिलं. सगुणा, वर्तकनगर, बिल्डिंग चौदा, खोली नऊ.

संध्याकाळी ती खरंच गेली. खोली नऊमध्ये बँकेत नोकरी करणारं कुटुंब राहत होतं. दार बोटभर उघडून त्यांनी सांगितलं, इथे कोणी सगुणा नाही. एमाने सगळ्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. सगुणा कुठेच नव्हती.

ठाण्यात प्लेगने कोणी गेल्याची बातमी आली नाही. एमा रोज पेपर वाचायची आणि तिचा विश्वास बसायचा नाही. ती बाई कुठेतरी बेवारशी मेली असणार, आणि तिला मारणारी मी, हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. बाईचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. लक्षात राहिलं होतं ते नाडी बघताना धरलेलं मनगट. त्यावर गोंदलेलं तुळशीवृंदावन होतं, आणि त्याला मधोमध चिरणारा जुना वण.

नोव्हेंबरात चर्चमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना होते. घरोघरची माणसं आपापल्या मृतांची नावं लिहून देतात आणि ती मोठ्याने वाचली जातात. गेल्या वर्षी एमाने आई, बाबा आणि थॉमस यांच्याखाली चौथं नाव लिहिलं होतं, सगुणा. यादी जमवणाऱ्या कोसमासने आडनाव विचारलं, तेव्हा माहीत नाही म्हणाली. यंदाही तिने ते नाव दिलं होतं.

शुक्रवारी पहिला खेळ हाऊसफुल्ल गेला. त्र्यंबकराव लॉबीत हात चोळत उभे राहिले आणि आतून किंचाळ्या यायची वाट बघू लागले. आतून आलं ते हसू. आधी दोघा-चौघांचं, मग अख्ख्या थिएटरचं. एमाने दारावरचा पडदा सारून पाहिलं. पडद्यावर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं हातात नळकांडी घेऊन विषाणू शोधत होती. पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अबे टेट्रासायक्लिन खा ना." मागून दुसरा म्हणाला, "रुमाल बांध, रुमाल." नायिका शिंकली तशी तिच्या शेजारचं अख्खं गाव पळत सुटलं, आणि बाल्कनीतले लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. वर्षापूर्वी हीच माणसं शेजारी कोणी खोकलं तर रस्ता बदलत होती.

त्र्यंबकराव मट्कन स्ट्रेचरवरच बसले. "लोकांना झालंय तरी काय, सिस्टर?"

"काही झालं नाही ना, म्हणून हसतायत," एमा म्हणाली. तिला त्यांचा हेवा वाटला.

शनिवारी तीनच्या खेळाला मध्यंतराच्या जरा आधी दार धाडकन उघडलं आणि दोन कोळणी तिसरीला काखेत धरून बाहेर आल्या. शनिवारी बरेच जण मासे खात नाहीत, म्हणून त्या टोपल्या लवकर आवरून आल्या होत्या. तिसरीला श्वास घेता येत नव्हता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. ते समोरच्या फोटोग्राफरला बोलवायला स्वतःच धावले.

एमाने बाईला स्ट्रेचरवर निजवलं. रोग कळायला वेळ लागला नाही. हसून हसून बाईच्या बरगडीत चमक भरली होती, आणि दुखलं की तिला आणखी हसू येत होतं. तरी रीत म्हणून एमाने घड्याळ समोर धरलं आणि मनगट हातात घेतलं. वीस ठोक्यांपुढे तिला मोजता येईना. बोटांखाली तुळशीवृंदावन होतं, आणि त्याला मधोमध चिरणारा वण.

"वर्तकनगर," एमा म्हणाली. "बिल्डिंग चौदा, खोली नऊ."

बाईचं हसू थांबलं. ती उठून बसली. "सिस्टर, तुमीच त्या?"

तिचं नाव आवडाबाई. चेंदणी कोळीवाड्यात राहायची आणि वर्तकनगरात दारोदार मासे विकायची. खोली नऊ तिचं गिऱ्हाईक होतं, तोंडाला आलेला पत्ता तिने ठोकून दिला होता. ताप साधा हिवताप निघाला, चार दिवसांत उतरला. मग खोटं का सांगितलंस, असं एमाने विचारलं.

"खरा सांगितला असता तं गाडी आमच्या दारात आली असती. कोळणीला ताप आला म्हटल्यावर म्हावरा कोन घेतंय? माझा एकटीचा नाय, सगल्या कोळीवाड्याचा सडला असता."

एमा शोधत आली होती हेही तिला ठाऊक होतं. महिन्याभराने खोली नऊच्या बाईंनीच सांगितलं होतं, कोण सगुणा म्हणून एक नर्स विचारत होती. आवडाबाईने त्यांना पापलेट साफ करून दिलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

एमाला राग आला. हातातलं मनगट तिने टाकूनच दिलं. "वर्षभर मी तुला मेलेली धरून बसले होते," ती म्हणाली.

आवडाबाईने मान खाली घातली.

"सगुणा कोण?" एमाने विचारलं.

"माझी आय. कोलशेतची. मी धा वर्सांची होते तवा गेली. तापानंच. तुमी नाव इचारलात नि तोंडात तिचाच आला."

एमाला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता, आणि एवढं हलकं वाटणं तिला सोसवत नव्हतं. आवडाबाईने तिचे डोळे आपल्या पदराने पुसले. पदराला मासळीचा वास होता. मग एमाला शिंक आली, आवडाबाईने घाईघाईने नाकाला पदर लावून दाखवला, आणि दोघींना हसू फुटलं. नेमका तेव्हाच फोटोग्राफर आला. त्र्यंबकराव काकुळतीला येऊन जरा घाबरल्यासारखं करा म्हणत राहिले, पण फोटोत दोघी हसतच आल्या. तो कुठे लावण्याच्या लायकीचा नव्हता. आवडाबाई शेवट बघायचाय म्हणून परत आत गेली.

सिनेमा आठवडाभरात, गुरुवारी, उतरला. त्याच दिवशी दोन नोव्हेंबर होता, मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेचा दिवस. संध्याकाळच्या मिसाच्या प्रार्थनेआधी एमा चर्चमध्ये गेली. कोसमास दाराशी टेबल टाकून यादी शेवटची तपासत होता. एमाने त्याच्याकडे पेन मागितलं.

"एक नाव खोडायचंय. मी जिच्यासाठी दिलेलं ती बाई जिवंत आहे."

"मग खोड की," कोसमास म्हणाला. "चांगलीच गोष्ट आहे."

थॉमसच्या खाली सगुणा होती. एमाने पेन टेकवलं, आणि तशीच थांबली. मग तिने पेन कोसमासला परत दिलं.

"राहू दे. सगुणा गेलीय. मुलगी दहा वर्षांची होती तेव्हा."

कोसमासला काहीच कळलं नाही. पण यादी सहा वाजता फादरकडे द्यायची होती आणि त्याला नावापुढची जागा रिकामी ठेवायला आवडत नसे. त्याने गेल्या वर्षीसारखंच आडनाव विचारलं.

"आडनाव नाही माहीत," एमा म्हणाली. "पत्ता माहीत आहे. कोलशेत लिही."