मिटत चाललेला जबडा

मी एक जुनी सागवानी पाचर आहे, मित्रांनो. एकोणीसशे चौतीस साली खंडाळ्याच्या इनायत सुताराने मला तासले. टोकाला मी पातळ, मागे जाड, अंगावर आडव्या रेघा. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मला दुखणाइताच्या पुढच्या दातांत सरकवत. मी अडले की तिथली रेघ पाहत. तोंड किती उघडते, ते त्यांना कळे.

वलवणच्या वरच्या वाडीतली चिंगी जांभळीवरून पडली आणि हनुवटीवर आपटली. कानापुढचा सांधा सुजला. सूज ओसरली, तरी तोंड पुरते उघडेना. बाईंनी मला तिच्या आईच्या, सारजाबाईच्या हाती दिले.

"शेकून झालं की रोज ही हळूहळू सरकवायची. दुखेल, पण थांबू नका. सांधा आखडत गेला तर तोंड मिटूनच बसेल."

"व्हय बाई."

सुरुवातीला सारजाबाईने नेम पाळला. पण चिंगी कळवळायची, "आये, नगं गं!" आईचे काळीज पाघळले. "र्‍हाऊ दे, लय दुखतंय पोरीला," म्हणत तिने मला कुडाच्या भिंतीत खोचले.

चुलीच्या धुराने मी काळी पडत गेले. चिंगीची भाकरी आधी कुसकरावी लागली. मग नुसती पेज उरली. मग तीही दातांच्या फटीतून ओढून घ्यावी लागे. पुढे काय वाढून ठेवले आहे ते मला दिसत होते. पण पाचरीला वाचा कुठली?

एका दुपारी चिंगीला उलटी झाली. ती घशातच अडली. सारजाबाई बोट घालायला धडपडली, बोट शिरेना. पोरीचे ओठ काळेनिळे पडले. "चिंगे! श्वास घे गं!" आईने तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या. कसाबसा जीव परतला.

मला कुडातून उपसून दोघी त्याच पावली दवाखान्यात आल्या. माझे टोक जेमतेम शिरले. पहिली रेघही बाहेरच राहिली.

"सांध्याची हाडं अजून एकमेकांना चिकटलेली नाहीत, तोंड उघडू शकेल," बाई म्हणाल्या. "आता मात्र कसूर नको."

"मी करीन बाई. ती रडंल, मीबी रडंन. पर हात मागं घ्यायची न्हाई."

तिने शब्द पाळला. एकेक रेघ आत जाऊ लागली. पुढे चिंगी भाकरी चावू लागली. जबडा मात्र एका बाजूला ओढत राहिला.

मित्रांनो, दुखणाइताची दया जरूर यावी. पण त्या दयेने उपचार सोडू नका. आखडणारा सांधा कुणाची वाट पाहत नाही. चार दिवस खाडा पडला, की चिंगीच्या दातांत मी अजूनही अडते.